विजया

"आबा, एक गंमत सांगू का?" औषधाची बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता योगराज म्हणाला. "महाशिवरात्रीला लोक हे फुकट पितात. तुम्ही मात्र डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन विकत नेता."

योगराजच्या धुळ्यातील आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात दुपारची गर्दी ओसरली होती. रुपचंदने पिशवीचे तोंड उघडून धरले होते. ते तसेच राहिले.

"म्हणजे?"

"विजया म्हणजे भांग. नाव तेवढं गोड. तुम्हाला काय वाटलं होतं?"

रुपचंदला काय वाटले होते, हे योगराजला सांगण्यासारखे नव्हते. तो म्हणाला, "काही नाही. औषधाचं नाव असेल म्हटलं."

"घाबरू नका. चढत नाही. यातला सीबीडीचा भाग मनाला शांत करतो, झोपेला मदत करतो. नशेचा भाग नावापुरता. पण झाड तेच." योगराजने बाटली त्याच्या पिशवीत टाकली. "झोप लागते ना? मग नावाशी काय करायचंय?"

नरडाण्याकडे जाणाऱ्या बसमध्ये त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. सोनगीरचा किल्ला आला आणि मागे पडला. रुपचंदने पिशवी मांडीवर घेतली होती. या रस्त्याने तो गेले दोन महिने बाटली वरच्या खिशात, छातीशी ठेवून नेत असे. आज ती पिशवीत, कांद्यांच्या खाली होती.

रुपचंद नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका सूतप्रक्रिया कारखान्यात बॉयलर चालवीत असे. तंत्रशाळेचा अभ्यासक्रम, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र, अशा क्रमाने तो त्या जागेवर पोहोचला होता आणि तेथेच त्याचे केस पांढरे झाले होते. काम सोपे नव्हते, परंतु सरळ होते. काचेच्या नळीतील पाण्याची पातळी पाहायची, दाबाचा काटा पाहायचा, भट्टीचा रंग पाहायचा. पाणी खालच्या खुणेखाली जाऊ द्यायचे नाही. बाकी सर्व नियम या एका नियमाच्या पोटात बसत.

रात्रपाळीचा आठवडा आला की दिवसा झोपावे लागे. तरुणपणी त्याला पडल्याजागी झोप लागत असे. अलीकडे ती येईनाशी झाली होती. घराचे पत्रे तापत, समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफट करीत राही आणि डोळे मिटले की काचेच्या नळीतील पाणी खाली उतरताना दिसे. त्याची बायको द्रौपदाबाई दाराला गोधडी टांगून अंधार करीत असे. अंधार होई, झोप होत नसे.

मग एका पहाटे तो बॉयलरसमोर उभ्या उभ्याच पेंगला. पाणी खुणेखाली गेले, भोंगा वाजला आणि भट्टीला हवा देणारा पंखा आपोआप बंद पडला, म्हणून स्फोट टळला. भिंतीपलीकडे पॅकिंगच्या बायका काम करीत होत्या. शिफ्टचा प्रमुख लीलाधर धावत आला. त्याने आधी पाणी पाहिले, मग रुपचंदकडे पाहिले.

"रुपचंदभाऊ, आज भोंग्यानं वाचवलं. तुमच्या हाताखाली मी काम शिकलो, म्हणून आज बोलत नाही. पण पुढच्या वेळी मला तुम्हाला इथं उभं करता येणार नाही. आधी झोपेचं काही तरी करा."

धुळ्याच्या वैद्यांनी त्याचे ऐकून घेतले, नाडी पाहिली आणि या तेलाचे थेंब लिहून दिले. ड्यूटीवर जाण्याआधी कधीही घ्यायचे नाहीत. ड्यूटीहून आल्यावर जिभेखाली धरायचे. सर्वांनाच लागू पडते असे नाही, हेही त्यांनी सांगितले. रुपचंदला लागू पडले. चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्याला झोप येऊ लागली. छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी हळूच उचलून बाजूला ठेवावा, तशी.

बाटलीवरचे "विजया" हे नाव वाचून द्रौपदाबाईने ती कपाळाला लावली होती. ज्या विजयादशमीला त्यांच्या आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली, तिचेच नाव औषधाला आहे, अशी तिची समजूत झाली आणि रुपचंदचीही झाली. तिने बाटली बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवली. गेले दोन महिने भांगेचे तेल तेथे होते.

घरी आल्यावर रुपचंदने बाटली फळीवर ठेवली नाही. चुलीशेजारच्या कोनाड्यात, रॉकेलच्या जुन्या डब्यामागे ठेवली.

"तठे कसाले?" द्रौपदाबाईने विचारले.

त्याने सांगितले. ती पोळी उलटीत होती. तिने ती उलटली, फुगू दिली आणि मगच बोलली.

"मंग काय व्हयनं? धोतरा बी औषधमा पडस. डॉक्टरनी दिधं शे, चोरीसन नही आनं."

"मी पाचवं शील सांगस, द्रौपदा. बठ्ठासले."

"माले माहीत शे तुम्ही काय सांगतस."

गावच्या विहारात पौर्णिमेच्या वंदनेला पुढे बसून शील सांगण्याचा मान रुपचंदकडे होता. तो एकेक ओळ म्हणे आणि सर्वजण त्याच्यामागून म्हणत. त्याचे उच्चार स्वच्छ होते. ओळ कोठे थांबवावी हे त्याला कळत असे. पाचवे शील, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे, तो इतर चारांपेक्षा किंचित सावकाश म्हणे. त्याला कारण त्याचा थोरला भाऊ भिकन होता.

भिकन समोरची गिरणी चालवीत असे आणि दारू पीत असे. चार वर्षांपूर्वी एका पौर्णिमेला तो पिऊन विहारात आला. कोणाला त्रास दिला नाही, मागे बसला. जवळ बसलेल्या यशोदाबाईंना वास आला, त्या बोलल्या, तेव्हा भिकन उभा राहून म्हणाला, "अक्का, हाई मन्हं औषध शे." सर्व विहार हसला. रुपचंद हसला नाही. पुढे बसल्या जागेवरून तो म्हणाला, "शीलाला चिठ्ठी चालत नाही, भाऊ."

ते वाक्य गावाला आवडले. पुढे लग्नात, मयतीत, ग्रामसभेत लोक ते म्हणू लागले. भिकन त्या संध्याकाळी उठून गेला आणि पुन्हा विहारात आला नाही. भावाच्या घरीही आला नाही. काही महिन्यांनी त्याने दारू सोडल्याचे रुपचंदच्या कानावर आले. त्या वेळी रुपचंदला आपल्या वाक्याचा अभिमान वाटला होता.

"शील म्हनाले तोंड लागस," द्रौपदाबाई म्हणाली, "आन् बॉयलर दखाले डोया लागतस. डोयाच मिटी ग्यात तं कोनले शील सांगशात?"

तिच्या या बोलण्यात त्याला चूक सापडली नाही. तरीही त्याने तेल घेतले नाही.

त्या आठवड्यात रात्रपाळी होती. पहिल्या दिवशी त्याने गोधडीआडच्या अंधारात गिरणीचा आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशीही ऐकला. तिसऱ्या रात्री तो नळीसमोर उभा असताना त्याला पाणी दिसत होते, परंतु पाहिलेले मनात टिकत नव्हते. त्याने तोंडावर पाणी मारले, हात भट्टीच्या दाराजवळ चटका बसेपर्यंत धरला. भिंतीपलीकडे बायका कशावरून तरी हसत होत्या.

औषध घेतले तर पुढे बसण्याचा हक्क उरत नव्हता. न घेतले तर नळीसमोर उभे राहण्याचा. औषध आणि नशा यांत फरक आहे, हे त्याला कळत होते. वैद्यांनी तो करून दाखवला असता, भंतेजींनीही दाखवला असता. पण तो फरक त्याने स्वतः एकदा, सर्वांसमक्ष, एका वाक्यात बंद केला होता. आणि आता त्या वाक्यात तो स्वतःच अडकला होता.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी तो घरी आला आणि झोपायचा प्रयत्न न करता रस्ता ओलांडून गिरणीत गेला. भिकन जाते साफ करीत होता. त्याच्या भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या.

"काय रे रुपा, रस्ता चुकना का? का दयन आनं?"

"भाऊ, एक इचारनं शे. तू पेत व्हता, ते झोपनाकरता का?"

भिकनने ब्रश खाली ठेवला. "चार वरीसनंतर इचारी राहिना?"

"सांग."

"पट्टा बंद व्हये, पन कानमातला आवाज बंद नही व्हये. दोन घोट ग्यात का तो बी थांबे." त्याने हात झटकले. "बस. दुसरं काही नही."

"मंग तवय काबं नही सांगं?"

"सांगं ना. औषध शे म्हनं. बठ्ठा हसनात."

"मी हसनू नही."

"नही. तू हसना नहीस," भिकन म्हणाला. "तू बोलना."

गिरणीच्या दारात एक बाई ज्वारीचा डबा ठेवून गेली. भिकनने तो आत घेतला. मग रुपचंदने विजयाची सगळी हकिगत सांगितली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बाटली ठेवली होती हे ऐकून भिकन इतका हसला की त्याच्या भुवयांवरचे पीठ उडाले.

"भांग! आन् द्रौपदानी कपायले लावी!" डोळे पुसून तो म्हणाला, "घे रे भो, घे. तू झोपना नही तं तठल्या बायास्नं काय व्हई?"

"आन् तू? तुले आते झोप येस का?"

"सोडी दिधी तवपाईन डोयाले डोया लागत नही. पन सोडी."

"मन्हासंगे धुयाले चाल. त्या वैद्यले दखाडूत."

"नको." भिकनने ब्रश उचलला. "तुले चिठ्ठी चालस. माले चालत नही. वाक्य तुन्हंच शे."

"संध्याकायले विहारमा ये भाऊ. येवढं ऐक."

भिकनने मोटर सुरू केली.

संध्याकाळी विहार भरला. रुपचंद पांढऱ्या कपड्यांत पुढच्या आसनावर बसला. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. शील सुरू करताना त्याने दाराकडे पाहिले. चपलांच्या ढिगाशेजारी, उंबऱ्याबाहेर, भिकन उभा होता. त्याने डोके धुतले होते.

रुपचंदने पहिले शील सांगितले, सर्वांनी म्हटले. दुसरे, तिसरे, चौथे सांगितले. नंतर तो थांबला. लोकांना वाटले, नेहमीसारखा सावकाश घेतो आहे. थांबणे लांबले तेव्हा यशोदाबाई म्हणाल्या, "रुपचंदभाऊ, पुढे?"

तो आसनावरून उठला. "पुढचं मला सांगता येणार नाही. मी झोपेसाठी औषध घेतो. ते भांगेच्या पानांचं आहे. मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. कामासाठी मला ते घ्यावं लागेल. शीलाला चिठ्ठी चालत नाही, असं मी या जागेवरून म्हणालो होतो."

लोक हसतील याची तो वाट पाहत होता. ते हसले असते तर त्याने ते हसू सोसले असते. त्याच तयारीने तो आला होता.

"आवं, औषधच तं शे," यशोदाबाई मायेने म्हणाल्या. "डॉक्टरनी दिधं. त्याले कोन नशा म्हनी? बसा तुम्ही. सांगा पुढे."

"औषधच शे," मागून कोणी म्हणाले. "बसा भाऊ." माना हलल्या. कोणीही हसले नाही.

रुपचंदने दाराकडे पाहिले. भिकन खाली वाकून ढिगातून आपल्या चपला शोधीत होता. त्याने त्या घातल्या, क्षणभर विहाराकडे पाहिले आणि तो निघून गेला.

रुपचंद पुन्हा आसनावर बसला नाही. सर्वांत मागे, दाराशी जाऊन बसला. पाचवे शील यशोदाबाईंनी सांगितले, अडखळत. त्याने इतरांबरोबर ओठ हलवले. मग डबा घेऊन कामावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परतला तेव्हा द्रौपदाबाईने कोनाड्यातील बाटली काढली. त्याने जीभ उचलली. तिने थेंब सोडले, दाराला गोधडी टांगली. काही वेळाने पत्रे तापू लागले, पण त्याआधीच त्याला झोप लागली होती.

दुपार कलताना त्याला जाग आली. कशाने आली ते आधी कळले नाही. मग लक्षात आले की काहीच वाजत नव्हते.

"गिरनी बंद शे?"

"सकायपाईन," द्रौपदाबाई हळू आवाजात म्हणाली. "भिकनआबा सांगतस, पट्टा तुटना. बाया डबा ठेईसन गयात. तुम्ही झोपा."

रुपचंदने गोधडीची कड बोटभर सरकवली. समोर गिरणीच्या ओट्यावर डब्यांची रांग लागली होती. तिच्या टोकाला भिकन भिंतीला पाठ टेकून बसला होता. त्याचे डोळे सताड उघडे होते. त्याच्यामागे, अर्धवट उघड्या दारातून, मोटर दिसत होती. पट्टा दोन्ही पुलींवर चढलेला होता. कोठे सैल नव्हता, कोठे तुटलेला नव्हता.

त्याने गोधडी पुन्हा सरळ केली आणि अंथरुणावर येऊन पडला. संध्याकाळ होईपर्यंत समोर कसलाही आवाज झाला नाही. त्या शांततेत तो डोळे मिटून पडून राहिला, आणि त्याला झोप आली नाही.