उजव्या भुवईची खाच

बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या जिन्यावर सकाळी नऊपासून रांग लागायची. वर पोहोचायला तास-दीड तास जाई. आजही चेहरा वळला, हे उतरणाऱ्याच्या तोंडावरूनच चढणाऱ्यांना कळे. "मी डावीकडे सरकलो, तर डावीकडे बघितलं," उतरणारा सांगे. "उजवीकडे सरकलो, तर उजवीकडे." हे ऐकून रांग आणखी एक पायरी वर सरके.

वरच्या खोलीत अंधार होता. टोकाला काळा पडदा, पडद्याला चौकोनी झरोका आणि झरोक्यात एका पुरुषाचा पांढरा चेहरा, खालून उजळलेला. त्याच्यापासून दहा फुटांवर दोरी बांधलेली. दोरीपलीकडे पाऊल टाकायचं नाही. दोरीपाशी द्रष्टेसाहेब उभे असत. दोन वर्षांपूर्वी ते दारोदार चष्म्याच्या काचा विकत, त्यामुळे डोळ्यांचा धंदा त्यांना नवा नव्हता.

"दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं," अशी ते सुरुवात करत. सगळ्या प्रवचनात एवढं एकच वाक्य खरं होतं आणि नेमकं तेच कोणी मनावर घेत नसे. "गेलेला माणूस जात नाही. तो उसना चेहरा घेऊन येतो. तुम्ही फक्त ओळखा."

लोक ओळखत. निवृत्त पोस्टमनला वडील दिसले. दूधवालीला दीर दिसला. एकीला सासू दिसली, ती जिना जरा घाईनेच उतरली. पण चेहरा ओळखीचा आहे, कुठेतरी नक्की पाहिलाय, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

पुतळ्यांच्या कारखान्यातल्या साचेवाल्याची धाकटी बहीण बेबी शेजारणीच्या आग्रहाने तिथे गेली आणि दोरीपाशी मटकन खाली बसली. तिला नवरा दिसला होता. त्याला जाऊन आठच महिने झाले होते.

द्रष्टेसाहेबांनी तिला पाणी दिलं, नाव-गाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून रांग दुप्पट झाली. वडील दिसले, दीर दिसला, हे ठीक. पण लग्नाच्या बायकोने रडून ओळख पटवली म्हटल्यावर शंकेला जागाच उरली नाही. बेबीला रोज पुढे बसायला खुर्ची मिळाली.

साचेवाल्याला हे कळलं ते तिच्या नोकरीच्या पत्रावरून. दुसऱ्या शहरातल्या शिवणशाळेत तिला शिक्षिकेची जागा मिळाली होती. सोमवारी सकाळी रुजू व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार. शुक्रवारी तो भरायला म्हणून पेटी घेऊन आला, तर बेबी म्हणाली, "दादा, मी जात नाही."

"का?"

"हे माझ्याकडे बघतात. मी हलले की मान वळवतात. द्रष्टे म्हणाले, तुम्ही गाव सोडलंत तर ते कोणाकडे बघतील?"

साचेवाला भांडला नाही. मेलेल्या माणसाशी भांडणात कोणी जिंकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो तिच्याबरोबर स्टुडिओत गेला. त्याचा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, आणि चेहऱ्याने सरळ त्याच्याकडेच बघितलं. तो डावीकडे गेला, चेहरा वळला. उजवीकडे गेला, वळला. खाली वाकला, तर चेहऱ्याने मान झुकवली. आणि ते खरोखर दाजी होते. तेच गाल, तीच हनुवटी. साचेवाला तीस वर्षं दुकानात उभे करायचे पुतळे घडवत होता. चेहऱ्याच्या बाबतीत त्याला कोणी फसवू शकत नाही, असा त्याचा समज होता. तो बेबीला घेऊन घरी आला.

जेवताना बेबी आपल्याच नादात म्हणाली, "फक्त भुवईची खाच दुसरीकडे गेलीय."

दाजींच्या उजव्या भुवईत खाच होती. लहानपणी कपाटाचं दार लागलेलं.

"दुसरीकडे म्हणजे?"

"डाव्या भुवईला दिसते. मी विचारलं. द्रष्टे म्हणाले, तिकडे गेल्यावर डाव्या-उजव्याचं बंधन सुटतं."

साचेवाल्याचा घास हातातच राहिला. मेल्यावर डावं-उजवं बदलतं की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. साच्यात बदलतं, हे मात्र तीस वर्षं माहीत होतं.

आता त्याला सगळं आठवलं. दाजी देखणे होते. सहा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच त्यांना बाकड्यावर आडवं करून चेहऱ्यावर प्लास्टर ओतलं होतं. त्या साच्यातून निघालेले पुरुष-पुतळे शहरातल्या तीन कापड दुकानांत पँट-शर्ट घालून उभे होते. दाजी गेल्यावर तो साचा भरायला कोणाचा हात धजेना. मालक म्हणाले, फोडून टाक. साचेवाल्याला फोडवेना. त्याने तो गुपचूप भंगाराच्या गाडीवर ठेवला आणि हा विषय संपला असं समजला.

शनिवारी त्याने बेबीला कारखान्यात नेलं. एका बाई-पुतळ्याच्या चेहऱ्याचा साचा लांबच्या टोकाला, आतली बाजू समोर करून उभा केला, खाली दिवा लावला आणि खिडक्या झाकल्या.

"काय दिसतं?"

"चेहरा. बाईचा."

"खोलगट की बाहेर आलेला?"

"बाहेर आलेला."

"जवळ जाऊन नाकाला हात लाव."

बेबीने हात पुढे केला. नाक जिथे असायला हवं होतं तिथे काहीच नव्हतं. हात मनगटापर्यंत आत गेला.

"हा खड्डा आहे," ती म्हणाली.

"आता मागे जा. तुला माहीत आहे खड्डा आहे. बघ."

बेबी दहा फूट मागे गेली. चेहरा पुन्हा बाहेर आला. ती सरकली, चेहरा तिच्याकडे वळला.

"माहीत आहे तरी दिसतोय, दादा."

"दिसणारच. जन्मल्यापासून आपण पाहिलेला प्रत्येक चेहरा बाहेर आलेला. आत गेलेला चेहरा मनाला मंजूरच नाही. डोळे खड्डा आणून देतात, मन त्याचा उंचवटा करून घेतं. तू उजवीकडे सरकलीस की खड्ड्याची डावी भिंत जास्त दिसते. बाहेर आलेल्या चेहऱ्याची डावी बाजू तशी दिसायची, तर तो तुझ्याकडे वळायला हवा. म्हणून मन त्याला वळवतं. मान त्याची नाही हलत, हिशेब आपला चुकतो."

"तुला तीस वर्षांत हे दिसलं नाही?"

"आम्ही साचा हातात धरून बघतो, तोही चीर पडलीय का ते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय."

बेबीने पुन्हा एकदा सरकून पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे हे माझ्याकडे बघत नव्हते."

"नाही."

साचेवाल्याला फार वाईट वाटलं. दाजींना आपण दुसऱ्यांदा पोहोचवून आलो, असं त्याला वाटलं. पण खोटी नजर बहिणीच्या पाठीवर ठेवून तिला आयुष्यभर खुर्चीत बसवणं त्याला जमणार नव्हतं.

रविवारी जिना खालपर्यंत भरला होता. बेबी नेहमीच्या खुर्चीत बसली नाही. ती दोरीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मला यांच्या तोंडावरून हात फिरवायचा आहे."

"स्पर्श नको, बाई," द्रष्टेसाहेब म्हणाले. "तरंग तुटतात."

"माझा नवरा आहे. सात वर्षं संसार केला, तेव्हा कुठले तरंग तुटले नाहीत."

रांगेत कुजबुज झाली. "बाईंचा हक्क आहे," दूधवाली म्हणाली. "लावू द्या हात," पोस्टमन म्हणाले. द्रष्टेसाहेबांनी लोकांना इतकी श्रद्धा शिकवली होती की आता ती आवरणं त्यांनाच जड गेलं. बेबी दोरी ओलांडून गेली आणि तिने चेहऱ्याच्या नाकावर हात ठेवला. नाक तसंच पुढे दिसत होतं, आणि हात त्याच्या आरपार आत गेला.  तेवढ्यात तिच्याबरोबर आलेल्या साचेवाल्याने खिडकीचा पडदा बाजूला ओढला.

उजेडात एक प्लास्टरचा साचा दिसला. आतल्या मिटल्या पापण्यांवर डोळे रंगवले होते. कडेला साचेवाल्याच्याच अक्षरात लिहिलं होतं : पुरुष, चार.

"साचा हे केवळ निमित्त," द्रष्टेसाहेब म्हणाले. "सूक्ष्म रूपाला स्थूल आधार लागतोच." एवढं बोलून ते दिव्याची वायर गुंडाळू लागले.

"मग माझे वडील?" पोस्टमननी विचारलं. "मी ओळखलं होतं त्यांना."

"आजोबा, तुम्ही चौकातल्या कापड दुकानावर राहता ना?" बेबी म्हणाली. "तिथे काचेत हे सहा वर्षं उभे आहेत. येता-जाता रोज पाहिलाय तुम्ही हा चेहरा. म्हणून ओळखीचा वाटला. उरलेलं तुमच्या मनाने भरलं. मी तर बायको. मी सुद्धा भरलंच की."

कोणी हसलं नाही. लोक एकेक करून पुढे आले, शिस्तीत, आणि प्रत्येकाने साच्यात हात घालून पाहिला. पोस्टमननी दोनदा घातला. मग दोरीपर्यंत मागे जाऊन त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घ्यायला आणि दिवा पुन्हा लावायला सांगितलं आणि बघितलं.

"अजून बघतोय," ते म्हणाले.

"बघणारच," साचेवाला म्हणाला. "यात डोळ्यांची चूक नाही, तुमचीही नाही. डोळ्यांना काय दिसतं ते दिसू द्या. फक्त त्यांच्या एकट्याच्या साक्षीवर कुठला निकाल लावू नका."

साचा कोणी न्यायचा, हा प्रश्न आला. साचेवाला हातोडी शोधू लागला. या वेळी फोडायचाच, असं त्याने ठरवलं होतं.

"फोडू नकोस," बेबी म्हणाली. "हा बघत नव्हता, पण यांच्या गालाला लागून आलाय तो. मी नेते."

सोमवारी ती पावणेदहाला शिवणशाळेत रुजू झाली. हजेरीपटावर सही करून ती वर्गात गेली, साचा खिडकीजवळ मुलींचे हात पोहोचतील एवढ्या उंचीवर टांगला, आणि त्याच्याखाली खडूने लिहिलं : हात लावून बघा.