घाऱ्या डोळ्यांची

दारावर थाप पडली तेव्हा शेवंताबाई आतून दाराला पाठ लावून उभी होती.

“शेवंता, दरवाजा खोलो ना. उद्याच्या गाडीने मी जाते,” बाहेरून डोरीनबाई म्हणाली.

शेवंताबाईनं कडी काढली नाही. जरा वेळानं बुटांचा आवाज लांब गेला.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत दोघींची दारं शेजारीशेजारी होती. डोरीनबाई अँग्लो-इंडियन, रेल्वेच्या गार्डाची विधवा, शाळेत शिकवायची. शेवंताबाई शिरूरकडच्या मांडवगण फराट्याची. नवी नवरी होऊन आली तेव्हा स्टो पेटवायलाही तिला डोरीनबाईनंच शिकवलं. पहिलं मूल पोटातच गेलं, त्या वेळी दवाखान्यात उशाशी तीच बसून होती. शेवंताबाईचा नवरा हौशीराम लोकोशेडमध्ये फिटर. गळा गोड, गायन पार्टीत भीमगीतं म्हणायचा. डोरीनबाईनं आपल्या नवऱ्याची गिटार त्याला देऊन टाकली, बोटं कुठं ठेवायची तेही दाखवलं.

त्या गिटारवर हौशीरामनं स्वतः बांधलेल्या गाण्याची त्र्याहत्तर साली मुंबईत रेकॉर्ड निघाली. “घाऱ्या डोळ्यांच्या पोरी, गाडी सुटंल, बघ माघारी.” शिरूरच्या बाजारात, शिक्रापूरच्या हॉटेलांत, लग्नाच्या मांडवात, जिकडं तिकडं तेच वाजू लागलं.

“शेवंते, तुझं डोळं तर काळं,” नळावर आळीतल्या कुशाबाईनं विचारलं. “मग ही घारी कोन गं?”

अख्ख्या आळीत घारे डोळे एकाच बाईचे होते.

शेवंताबाई नवऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. नुसती पाहत राहिली. तो गिटारच्या तारा लावून घ्यायला शेजारी गेला की भिंतीला कान लावायची. त्याचा शर्ट धुण्याआधी हुंगायची; वास ग्रीसचाच यायचा. पुढं “गाडीनं रूळ बदलला” हे त्याचं दुसरं गाणं गाजलं. तिला वाटलं, आता तर यानं उघडच सांगितलं. तिनं डोरीनबाईकडं जाणं सोडलं. नाताळचा केक आला तसा परत पाठवला.

“शेवंता, मी काय केलं?” डोरीनबाईनं विचारलं होतं. शेवंताबाई आत निघून गेली होती.

शेवटी निरोपालाही दार उघडलं नाही, आणि डोरीनबाई भावाकडं ऑस्ट्रेलियाला गेली. संशय मात्र इथंच राहिला. पोस्टमन आळीत शिरला की शेवंताबाई हातातलं काम टाकून दारात यायची.

सत्त्याहत्तरच्या भीमजयंतीला शिरूरला कार्यक्रम होता. नवी गाणी आता चालत नव्हती. लोक जुनीच मागायचे. गाणं संपल्यावर शेवंताबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेली, तेव्हा कनातीपलीकडं वर्तमानपत्रवाला हौशीरामला विचारत होता, “दादा, खरं सांगा, ती घारी कोण?”

शेवंताबाई जागीच थांबली.

“कोन न्हाई वो,” हौशीराम म्हणाला. “मी ‘काळ्या डोळ्यांच्या’ लिवलं व्हतं. आमच्या घरच्यांवर. कंपनीचा सायब म्हनला, काळं डोळं लई झालं, दुसरा रंग टाक. टाकला.”

“वहिनींना सांगितलंत?”

“काय सांगू? तुझं डोळं इकलं म्हनून?”

तिला आधी वाटलं, आपल्याला पाहूनच हा बोलतोय. पण कनातीच्या फटीतून त्याची पाठच दिसत होती. ती पाणी न देताच मागं फिरली.

दुसऱ्या दिवशी शेडमधून तो घरी आला. चहा पुढं ठेवून ती म्हणाली, “ते आदीचं म्हना.”

“आदीचं कुठलं?”

“काळ्या डोळ्यांचं.”

हौशीरामनं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं गिटार घेतली. पण तोंडातून ‘घाऱ्या’च आलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. इतक्या वर्षांत जीभ तिकडंच वळली होती. त्यानं तारांवर तळवा ठेवला.

“ऱ्हाऊ द्या,” शेवंताबाई म्हणाली. “डोरीनबाईचंच हाय ते. तिच्या नावानं म्हना.”

तो मान खाली घालून गाऊ लागला. डोरीनबाईच्या घरात आता सोलापूरकडचं बिऱ्हाड होतं. त्यांच्यातली बाई गाणं ऐकून शेवंताबाईच्या दारापाशी येऊन उभी राहिली. उंबऱ्यावर बसलेली शेवंताबाई जराशी सरकली आणि तिनं तिला जागा करून दिली.