एसीचा घाम

भाद्रपद सरत आला होता. पावसाने न्हालेल्या काळ्याभोर कातळसड्यावर ऊन उतरलं होतं. सोनपिवळं, तेजाळ, धारदार ऊन. खळग्याखळग्यांतल्या पाण्यात आकाशाचे निळे तुकडे पडले होते, काठाकाठाने जांभळी रानफुलं इवल्या माना उंचावून उभी होती, आणि दूर खाली समुद्र उगाचच हसत होता. या साऱ्या शोभेच्या मधोमध एक पांढरी गाडी उभी होती, आणि गाडीच्या टपावर शालन संतापाने पेटून बसली होती.

ती गाडी म्हणजे तिचं आणि दिगंबरांचं फिरतं घर. नवऱ्याने हौसेने जुनी मिनीबस घेतली, तिच्यात पलंग बसवला, ओटा बसवला आणि टपाला स्वतःच्या हाताने चौकोनी भोक पाडून त्यात एसी बसवला. दिगंबर कारखान्यात तपासनीस होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून काढलेला माणूस. आपलीही चूक होऊ शकते, हे त्यांच्या स्वप्नातसुद्धा येत नसे.

आणि मग तो थेंब आला.

पहिल्याच पावसाळ्यात, पहाटेच्या साखरझोपेत, शालनच्या कपाळावर, एक थेंब. थंडगार, टपोरा, नेमका. "अहो, गळतंय," ती म्हणाली. "एसीचा घाम आहे तो," ते म्हणाले, आणि कूस बदलून घोरू लागले. पुढच्या पावसाळ्यात तोच घाम भास ठरला. "तुला भास होतात," म्हणाले. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तर हसत हसत लेकीला फोनवर तेच सांगून मोकळे झाले, आणि लेक काळजीने म्हणाली, "आई, एकदा डॉक्टरांना दाखवून ये ना."

त्या दिवसापासून थेंब पडला की शालन कपाळ चाचपायची, आणि ओलं बोट उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहायची. ओलं आहे ना? खरंच ओलं आहे ना? तिचा स्वतःवरचाच विश्वास उडत चालला होता. तिला दुसरं काही नको होतं. तू खरं बोलत होतीस, एवढंच त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

परवा छताचा एक तुकडा भिजलेल्या पोळीसारखा तिच्या उशीवर गळून पडला. तो हातात घेऊन दिगंबर शांतपणे म्हणाले, "यंदाच सुरू झालं असणार."

म्हणून आज ती टपावर चढली होती. त्यांनी आतून बोल्ट सोडले, दोघांनी रेटून एसी बाजूला सरकवला, आणि ते चौकोनी भोक उघडं पडलं. काळंकुट्ट, कुबट, कुजकं. कडेची लाकडी चौकट बोटाने दाबली तरी भुगा होत होती. शालनने पटाशी घेतली आणि कडेची फट बुजवणारं जुनं सिलिकॉन खरवडायला सुरुवात केली.

वर करडा थर निघाला. करड्याखाली काळा. काळ्याखाली पांढरा.

पटाशी थांबली. ऊनही थांबल्यासारखं झालं. प्रत्येक पावसाळ्याचा एक थर. ती बाजारात गेली की हा माणूस गुपचूप वर चढत होता, थरावर थर थापत होता, आणि खाली उतरून तिला वेडी ठरवत होता.

"गळत नव्हतं ना?" ती वरून कडाडली. "मग हे कुणी थापलं?"

सड्यावरच्या टिटव्या ओरडत उडाल्या. खाली पाना दिगंबरांच्या हातातून निसटून फरशीवर खणकन वाजला.

मग शालनने खरवडलं. दात-ओठ खाऊन खरवडलं, घाम पुसत, डोळे पुसत, करडं खरवडलं, काळं खरवडलं, पांढरं खरवडलं. कुजकं लाकूड ओरबाडून भिरकावून दिलं. नवी चौकट ठोकली, नवं सिलिकॉन स्वतःच्या बोटाने कडेकडेने भरलं, रात्रभर ताडपत्रीखाली सुकू दिलं, आणि सकाळी एसी पुन्हा जागेवर बसवला. या साऱ्यात "धरा" आणि "सोडा" यांखेरीज ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही.

मग तिने खळग्यातलं पाणी बादलीत भरून वर चढवलं.

"पलंगावर आडवे व्हा," ती म्हणाली. "माझ्या जागी."

ते आडवे झाले. तिने पाणी ओतलं. उन्हात झळाळत, कडेकडेने घुटमळत, पाणी एसीभोवती फिरलं. शालनने श्वास रोखला. त्यांनी कोरडं आहे म्हटलं की भांडण मिटणार होतं. सांधाही तिच्याच हातचा. खोटं बोलून तिला खूश करणं आज किती सोपं होतं!

मग खालून घोगरा आवाज आला.

"पडला."

"काय?"

"थेंब. कपाळावर." आवाज अडखळला. "घाम नाही, शालन. गळतंय. तेव्हाही गळतच होतं. मला ठाऊक होतं."

राग गेला नव्हता. इतक्या पावसाळ्यांचा राग एका शब्दाने कुठला जायला? सांधा पुन्हा खरवडावा लागणार, पुन्हा भरावा लागणार, हे तिला कळत होतं. पण ते काम उद्याचं होतं.

बादली अजून अर्धी होती. तिने ती उचलली, आणि सावकाश, अगदी सावकाश, एसीच्या कडेला ओतत राहिली. आत थेंब पडत होता, पुन्हा पडत होता, आणि तिच्या उशीवर डोकं ठेवून, डोळे उघडे ठेवून, दिगंबर जागचे हलत नव्हते.