मशिदीच्या उत्तरेचं घर

आमच्या मेरापी डोंगराला आम्ही आजोबा म्हणतो. माथ्यावर धूर दिसला की आजोबा विडी ओढतायत. राख आणि आग बाहेर पडली की आजोबांकडे कार्य आहे. ‘फुटला’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आमचं गाव त्यांच्या दक्षिण उतारावर, म्हणून डोंगर दिसला की ती उत्तर, हे आमच्या हाडात मुरलेलं. जावा बेटावर आम्ही डावं-उजवं फारसं करत नाही. ताटातली मिरचीसुद्धा पूर्वेची नाहीतर पश्चिमेची असते. याच गोष्टीपायी माझ्या भावाचं लग्न मोडता मोडता राहिलं.

भाऊ गियातनो नदीपात्रातली काळी वाळू ट्रकमध्ये भरतो. वेनिंग डोंगराच्या पार पलीकडची, सेलो गावची. शिवणकाम शिकायला ती आमच्या बाजूला येऊन राहिली आणि दोघांचं जमलं. तिच्या वडिलांना, रेजो यांना, हे स्थळ मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी निरोप धाडला, “दुपारच्या बांगेआधी या. मशिदीच्या उत्तरेचं पहिलं घर. उशीर झाला तर मुलगी नको असं समजेन.”

मागणी घालायला पुढारी म्हणून आमचे थोरले काका, पाकदे. भाषणात पटाईत, रस्त्याच्या बाबतीत ठार अडाणी. जुन्या लाव्ह्याच्या घळी ओलांडत, तंबाखूच्या आणि गाजरांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून गाडी डोंगराला अर्धा वळसा घालून सेलोला पोचली. मशिदीपाशी पाकदे उतरले. समोर मेरापी लख्ख उभा.

“ही बघा उत्तर!” म्हणत ते तरातरा निघाले आणि आम्ही सगळे मेंढरांसारखे त्यांच्यामागे. आपण डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आलोय, इथे तो दक्षिणेला, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी स्वतःला फार शहाणी समजते.

त्या घरात एक म्हातारी गाजरं धूत होती. तिनं आम्हाला बसवलं, चहा दिला. पेला रिकामा होईपर्यंत पाहुण्याला काम विचारायचं नाही, ही आमची रीत. आम्ही मानाचा केळ्यांचा घड पुढे ठेवला. पाकदेंनी घसा खाकरून, आपल्या अंगणातलं फूल आमच्या अंगणात यावं, असं लांबलचक भाषण ठोकलं.

म्हातारीनं सगळं मन लावून ऐकलं. “फूल कुठलं रे बाबा? घरात मी एकटीच.” मग गियातनोला न्याहाळत म्हणाली, “पोरगा बरा आहे. पण थोडं आधी यायचं होतंत.”

माझा चहा नाकातून बाहेर आला. तोवर तिनं केळी सोलून आमच्याच पुढे मांडलीसुद्धा होती. तेवढ्यात बांग झाली. गियातनोचा चेहरा राखेसारखा झाला. रेजोंचं घर मशिदीच्या पलीकडे, असं म्हातारीनं सांगितलं आणि आम्ही पळत सुटलो.

रेजो दारातच उभे होते. त्यांनी आम्हाला आत घेतलं. पाकदेंनी घडलं ते सांगितल्यावर म्हणाले, “उत्तर-दक्षिण न कळणाऱ्यांच्या घरात पोर देऊ? आजोबांकडे कार्य निघालं की झळ तुमच्याच अंगणात. तेव्हा पळायचं कुठे, हे तरी कळेल का तुम्हाला?”

“वाळू त्याच झळीची आहे, काका,” गियातनो हळूच म्हणाला. “तिच्यावरच पोट आहे.”

“पोटाचं ठीक, पण माझ्या पोरीच्या जिवाचं काय?”

वेनिंग आतून चहा घेऊन आली. आम्ही मेरापीच्या बाजूला बसलो होतो आणि खाऊचं ताट आमच्यापासून लांब होतं.

“आई, ताट जरा उत्तरेला सरकव ना,” ती म्हणाली आणि आमच्याकडच्या रीतीनं, बोटाऐवजी अंगठ्यानं, आमच्याकडे, मेरापीकडे दाखवलं.

आईनं सवयीनं ताट खऱ्या उत्तरेला सरकवलं, थेट रेजोंच्या मांडीला लावून. वेनिंगनं जीभ चावली.

रेजो लेकीकडे बघतच राहिले. जन्मभर मेरापीला दक्षिण म्हणणारी त्यांची पोर मनानं कधीच डोंगर ओलांडून गेली होती, आणि हे त्यांना आत्ता, चार माणसांत कळत होतं. मला त्यांची फार दया आली.

पाकदे पुन्हा घसा खाकरू लागले. रेजोंनी हातानंच त्यांना थांबवलं.

“पुरे आता भाषण. पोरीनं उत्तर दिलंय, मी आणखी काय देणार?” असं म्हणून त्यांनी ताट उचललं आणि स्वतः उठून गियातनोच्या पुढ्यात ठेवलं.