आठ शनिवार

सुशीलानं पिशवीत कोंबलेली पँट सुमंगलानं ओढून काढली आणि खाटेवर ठेवली. सुशीलानं ती पुन्हा आत घातली. एकमेकींकडे न बघता दोघींनी हे दोनदा केलं, मग सुमंगला पिशवीवरच हात ठेवून बसली. बावीस वर्षं शेजार होता, तेवढा हक्क तिला होता.

सुशीलाचा संदीप दुपारच्या बसनं कुडाळला मामाकडे निघणार होता. सतरा वर्षांचा पोरगा. मागच्या आठवड्यात हरमलला मित्रांबरोबर ढोसून त्यानं कुणा पर्यटकाची स्कूटर उचलली आणि थेट शहाळ्यांच्या गाड्यावर घातली. शहाळीवाला वाचला, देवाची कृपा. पोलिसांनी धरलं, पण मुलांची प्रकरणं बघणाऱ्या म्हापशाच्या अधिकारी बाईंनी वाट काढून कागदावर लिहून दिली. आठ शनिवार आईबरोबर यायचं, समुपदेशन घ्यायचं, आरोग्य केंद्रात पडेल ते काम करायचं. पोराच्या नावावर डाग राहणार नाही. नाही आला तर मात्र प्रकरण पुढे चालणार. पहिला शनिवार उद्याच होता.

आणि सुशीलाचं म्हणणं काय, तर केरीहून म्हापशाला जाणाऱ्या बसमध्ये अर्धं गाव असतं. दर शनिवारी पोराला घेऊन कुठं चाललीस म्हणून विचारलं तर कुठल्या तोंडानं सांगू? दोन महिने मामाकडे राहिला की सगळं थंड होईल. आईचं काळीज, दुसरं काय! पण आईच्या काळजापायीच पोरं कशी हातची जातात, ते सुमंगलाइतकं त्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

तिचा देवेश जाऊन चार वर्षं झाली होती. सांजवेळी मोटरसायकलवरून येताना वळणावर नारायणचा बैल आडवा आला, एवढंच गाव जाणत होतं. नारायण म्हणजे सुशीलाचा नवरा. भला माणूस. त्यानं देवळात देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, सगळ्या गावादेखत माफी मागितली आणि महिन्याच्या आत दोन्ही बैल विकून टाकले. शेत पड ठेवून तो टिप्पर चालवायला गेला. गाऱ्हाण्याच्या नारळाची वाटी, माफ केल्याची खूण म्हणून, सुमंगलाच्या ओंजळीत दिली गेली होती, आणि तिनं ती घेतली होती.

"वयनी, पिशी सोड गो," सुशीला म्हणाली. "बस चुकतली."

"देवेशाक पण असोच कागद इल्लो."

सुशीलाचे हात थांबले.

मग सुमंगलानं सांगितलं. देवेशही सतरा वर्षांचा असताना म्हापशात पिऊन मारामारीत सापडला होता. त्यालाही असेच शनिवार दिले होते. तिनं तो कागद चुलीत घातला आणि पोराला तीन महिने डिचोलीला बहिणीकडे ठेवलं. तो परत आला तो तसाच आला. त्याला कुणी अडवलंच नव्हतं. इथवर तिला सांगता आलं, कारण एवढं ती वाटेत मनाशी घोकून आली होती. पुढचं काही केल्या ओठांवर येईना. तिनं पाणी मागून घेतलं, पण तांब्या तसाच हातात राहिला.

"त्या सांजे तो सोरो पिवन होतो," ती शेवटी म्हणाली. "तुमचो बैल रस्त्यार नव्हतोच. पलीकडे गवतात बसलेलो. तेचो दोस्त स्वप्नील गाडयेर पाठीमागे बसलेलो, तेणा माका सगळा सांगल्यान. मीच तेका म्हटलंय, तोंड उघडू नको."

पोरगा गेला तो गेलाच, वर लोकांनी त्याला दारुडा म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं. बैल तिथंच होता असं कुणीतरी म्हणालं आणि तिनं मान हलवली. नंतर रोज वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. नारायणनं बैल विकले तेव्हा तर जीभच उचलेना. पापच होतं ते, तिला दुसरा शब्द सापडत नव्हता.

सुशीला आता शिव्या घालील, हाताला धरून बाहेर काढील, म्हणून ती वाट बघत राहिली. या घराशी नातं तुटणार, अशी मनाची तयारी करूनच ती उंबरा ओलांडून आली होती. पण सुशीला नुसती भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

"त्या दिवशी बैल बांधूक संदीप गेल्लो," ती म्हणाली. "तेरा वर्सांचो होतो. रातभर रडलो. आये, गाठ सैल रवली म्हणान सांगी. मी म्हटलंय, कोणाक सांगू नको."

सुमंगलानं तांब्या खाली ठेवला. पंधराव्या वर्षी हा पोरगा पहिल्यांदा पिऊन आला तेव्हा सगळ्यांसमोर त्याच्या संगतीला नावं ठेवणारी तीच होती.

सुशीला उठली. तिनं पिशवी खाटेवर उलटी केली, एकेक करून कपड्यांच्या घड्या घातल्या. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि सुमंगलाला ते मागायचं धाडस झालं नाही.

"फाल्यां शनिवार, मी तेका घेवन जातलंय म्हापशाक," सुशीला म्हणाली. "पण आधी तू तेका बैलाचा सांग. हयच. माझ्यासमोर."

तिनं हाक मारली तसा संदीप मागल्या दारानं आत आला. सुमंगलाला बघताच त्यानं मान खाली घातली. चार वर्षं तो तिच्यापुढे असाच उभा राहायचा, आणि पोर स्वभावानंच लाजाळू आहे, असं ती धरून चालली होती.