वाचनालयात बसलेली देवी

म्हैसूरच्या हिनकल भागातल्या त्या शाळेत देवश्रीची ग्रंथपाल म्हणून नेमणूक झाली, तेव्हा वाचनालय कुठे आहे हे तिला कुणी धड सांगेना. शेवटी शिपायाने कुलूप उघडून दिलं. आत स्नेहसंमेलनाचे पुठ्ठ्याचे मुकुट, मोडकी बाकं आणि भिंतीशी एक कपाट. कपाटाची किल्ली हरवली होती आणि त्याची कुणाला खंत नव्हती. नवऱ्याच्या बदलीमुळे नाशिकहून म्हैसूरला आलेली ही बाई मात्र चिवट निघाली. तिने मुकुट हलवले, बाकं हलवली, कपाट फोडून घेतलं आणि पुस्तकं मागायला पदर खोचून दारोदार फिरली.

दारं दोन प्रकारची होती. एक, म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या मराठी घरांची. शाळेचा ट्रस्ट त्यांचाच आणि ट्रस्टचे अध्यक्ष मानाजीराव. त्यांच्या मराठी वाक्यात निम्मे शब्द कानडी असत, आणि तरी खरं मराठी आमच्याच घरात टिकलंय असं ते छातीठोकपणे सांगत. दुसरी दारं पुण्यामुंबईहून कंपन्यांच्या नोकऱ्यांसाठी आलेल्या पालकांची. त्यांचा पुढारी कुशल. चहाला जमायचं असलं तरी हा आधी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढणार. या दोन गटांचं गणपतीच्या आरत्यांच्या क्रमावरूनही जमत नसे. पण पुस्तकं देण्यात चढाओढ लागली आणि देवश्रीचं फावलं. आयकराची जुनी मार्गदर्शकं, लग्नात आलेले आणि कधीच न उघडलेले ग्रंथ, हा सगळा कचरा तिने गोड बोलून परत केला. उरलेल्यात मराठी, कानडी, इंग्रजी अशी मुलांची झकास पुस्तकं निघाली.

मग गणिताच्या सरांशी भांडून तिने सातवीच्या वर्गासाठी आठवड्याला एक तास मिळवला. पहिले काही तास मुलं नुसती चित्रं बघत होती. नंतर एका पुस्तकावर दोघांची झोंबाझोंबी सुरू झाली. सहना नावाची मुलगी डब्याच्या पिशवीत पुस्तक लपवून घरी नेऊ लागली आणि पानांवर सांबाराचे डाग घेऊन परत येऊ लागली. देवश्री तिला वरवर रागवायची. मनातून तिला असं वाटायचं की आपल्या आयुष्यात काहीतरी बरं चाललंय. तिला एवढंच हवं होतं, पोरांच्या हातात पुस्तकं. बाकी पगार यथातथाच होता.

नवरात्र आलं आणि मानाजीराव वाचनालयात आले. "ह्या वर्षी सरस्वतीपूजा इथंच ठेवायची की हो. लायब्ररी असताना हॉलमध्ये कशाला?"

त्या भागातली रीत अशी की चार पुस्तकं रचून त्यावर रेशमी वस्त्र घालायचं, वर देवीचा मुखवटा बसवायचा. पुस्तकांची ती रासच देवी. विसर्जन होईपर्यंत त्यातलं पुस्तक कुणी वाचायचं नाही. देवश्रीला यात काही वावगं दिसलं नाही. सुट्टीच तर होती.

अडलं ते चार पुस्तकांपाशी. कुणाची चार? मानाजीरावांच्या आजोबांच्या नावाने आलेलं ठेवलं तर कुशलच्या आईच्या नावाचं का नाही? ते ठेवलं तर पिशवीभर पुस्तकं देणाऱ्या कमलिनीबाईंनी काय पाप केलं? ग्रुपवर दिवसभर धुमश्चक्री चालली. तोडगा असा निघाला की कुणालाच वगळायचं नाही. सगळी पुस्तकं ठेवायची. कपाट रिकामं झालं आणि खोलीच्या मधोमध माणसाच्या उंचीची देवी उभी राहिली. पुरोहित नरसिंहभट्टांनी देवीचं आवाहन केलं, सगळ्यांनी फोटो काढले.

विसर्जन कोण करणार, हे मात्र कुणी विचारलं नाही. जुन्या मंडळींना वाटलं, दसऱ्याला पाटीपूजनासाठी नवी मंडळी येतीलच, ती करतील. नव्यांना वाटलं, देवी ह्यांच्या पद्धतीने बसली, उठवतीलही हेच. भट्ट कृष्णराजनगरला लेकीकडे निघून गेले. आणि दसऱ्याच्या संध्याकाळी उरलेले सगळे बन्नीमंटपच्या मैदानात मशालींची कवायत बघत बसले होते.

शाळा उघडली. देवश्रीने रेशमी वस्त्राला हात घातला तशा मुख्याध्यापिका वरलक्ष्मी ओरडल्याच, "अहो, विसर्जन झालं का?"

फोनाफोनी झाली. मानाजीराव गंभीर चेहऱ्याने आले. "विसर्जनाचं श्रवण नक्षत्र गेलं की. आता काय करता येत नाही. पुढच्या नवरात्रापर्यंत राहू दे."

"अहो, श्रवण दर महिन्याला येतं," देवश्री म्हणाली.

"ते नवरात्रातलं नव्हे. सुम्ने, उगाच कशाला घाई करता? देवी काय तुम्हाला त्रास देते का?"

तिने कुशलकडे धाव घेतली. पुण्याचा शिकलेला माणूस, हा तरी काही बोलेल. कुशल म्हणाला, "वहिनी, पर्सनली माझा विश्वास नाही. पण सेंटिमेंटचा प्रश्न आहे. मी ग्रुपवर पोल टाकतो." पोलमध्ये देवी प्रचंड बहुमताने निवडून आली.

त्यानंतर वाचनालयाची जी भरभराट सुरू झाली तिला तोड नाही. जे लोक पुस्तकांचं कपाट द्यायला कुरकुरले होते त्यांनी पितळी समया दिल्या. एकाने घंटा दिली. कमलिनीबाईंनी जरीचा पडदा दिला. आजवर पंख्याला पैसे नाहीत म्हणणाऱ्या ट्रस्टने दारापासून देवीपर्यंत संगमरवर घातला. सेवाही वाढल्या. सकाळी सगळ्या शाळेची आरती, शुक्रवारी आयांचं हळदीकुंकू, बालवाडीच्या पोरांचा अक्षराभ्यास, परीक्षेआधी पेनांची पूजा. सातवीचा तास रद्द झाला नाही. त्या तासाला मुलं हात जोडून रांगेत बसून स्तोत्र म्हणू लागली. आणि ग्रंथपाल पळीने तीर्थ वाटू लागली. लायब्ररी सायन्सच्या पदवीत हे शिकवलं नव्हतं, ते देवश्री नोकरीत शिकली.

ती चिडत होती, रोज चिडत होती. नवऱ्यापाशी रडलीसुद्धा. नवरा म्हणाला, निदान तुझ्या खोलीत गर्दी तरी होते.

तिची शेवटची आशा होती आदर्श शालेय ग्रंथालयाची स्पर्धा. परीक्षक येणार, पुस्तक मागणार, आणि सगळं सोंग उघडं पडणार. परीक्षक दामोदरराव, निवृत्त प्राध्यापक, चप्पल बाहेर काढून आत आले.

"रोज किती विद्यार्थी येतात?"

"सगळी शाळा," वरलक्ष्मी म्हणाल्या.

"पुस्तकं हरवतात?"

"एकही नाही."

"फाटतात? डाग पडतात?"

"कोणाची हिंमत आहे?"

दामोदररावांनी देवश्रीकडे पाहिलं. तिने पुढे होऊन सांगून टाकलं, "सर, इथलं एकही पुस्तक मुलांना वाचायला मिळत नाही. तुम्ही एखादं काढून दाखवायला सांगा." वरलक्ष्मींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मानाजीराव खोकले. दामोदररावांनी क्षणभर विचार केला, खिशातून सुनेच्या परीक्षेचं हॉल तिकीट काढलं आणि देवीच्या पायाशी ठेवलं. "कार्यतत्परता दिसते," ते तिला म्हणाले, "पण ग्रंथांविषयी इतका आदर मी दुसऱ्या शाळेत पाहिला नाही." पहिलं बक्षीस मिळालं. सत्कारात देवश्रीला शाल मिळाली. तीही तिने मुकाट्याने घेतली.

पण दुसऱ्या दिवशी सातवीच्या तासाला तिने दार लावून घेतलं. नाशिकला तिच्या घरी आई दसऱ्याला नवरात्रातली देवी उठवायची. अक्षता वाहायची, नमस्कार करायचा, मुखवटा जरा उत्तरेकडे सरकवायचा, म्हणायची, पुन्हा ये. संपलं. देवश्रीने तेच केलं. मुखवटा उचलून कपाटात ठेवला, वस्त्राची घडी घातली, आणि सगळी पुस्तकं संगमरवरावर पसरली. नोकरी गेली तर गेली. इतक्या महिन्यांत तिला एवढं मोकळं वाटलं नव्हतं.

"घ्या," ती मुलांना म्हणाली. "हवं ते उचला. घरी न्या."

कुणी हललं नाही.

"सहना, तू ये."

सहना उठली. एक पुस्तक उचललं, दोन्ही डोळ्यांना लावलं आणि होतं तसंच, कडा जुळवून, खाली ठेवलं. मागून एकेक जण आला. प्रत्येकाने तेच केलं. एक मुलगा दुरूनच हात जोडून परत गेला. त्याने अंघोळ केली नव्हती म्हणे.

देवश्रीने स्वतःच एक पुस्तक ओढलं आणि जमिनीवर बसून मोठ्याने वाचायला लागली. एका गाढवाला तहसीलदार करतात, अशी गोष्ट होती. पावसाळ्यात तिने ही वाचली होती तेव्हा मुलं पोट धरून लोळली होती आणि शेजारच्या वर्गातून तक्रार आली होती. तिने गाढवाचा आवाज काढला. गाढव सही करायला शाईची दौत चाटतं तिथे ती मुद्दाम थांबली. वर पाहिलं तर सगळा वर्ग मांडी घालून, ताठ बसून, डोळे मिटून ऐकत होता.

तिने पान संपवलं. मुलांनी डोळे उघडले, पुस्तकाला वाकून नमस्कार केला आणि रोजच्या सवयीने उजव्या हाताचा द्रोण करून पुढे केला, तीर्थासाठी.