गाते आहे, साहेब

फाल्गुन आला. पाचगणीच्या पठारावर उन्हानं पाय टेकला, आणि चार महिने धुक्याच्या ओल्या गोधडीत कुडकुडलेली दरी हळूहळू उघडी पडली. खाली धोम धरणाचं पाणी कथलाच्या पत्र्यासारखं चकाकलं. पांगाऱ्याच्या निष्पर्ण, काटेरी, कंगाल फांद्यांवर रक्तवर्ण फुलं आली. सिल्व्हर ओकची रुपेरी पानं गळत होती, गळत होती, आणि कुणी झाडत नव्हतं.

थंडी गेली म्हणतात. कुठं जाते थंडी? राबणाऱ्याच्या गुडघ्यात जाऊन बसते.

रंगनाथ पांचाळच्या गुडघ्यात ती बसली होती. सदुसष्ट वर्षांचा हा मिस्त्री दोन्ही हात टेकून सबनीससाहेबांच्या गाडीखान्याचं दार ढकलत होता. दार कुरकुरलं. ते त्याला ऐकू आलं नाही.

आत ती निजली होती. रक्तकमलवर्णा, सर्पकटी, परदेशी, दोन माणसांपुरती. वाऱ्याशी शर्यत लावायला घडवलेली, आणि वर्षातून वीस दिवस पळणारी. कार्तिकात तिला निजवायची, फाल्गुनात उठवायची. एकतीस वर्षं रंगनाथ हेच करत आला होता.

तिची निद्रा राजकन्येची. अंगावर मऊ अस्तराचं पांघरूण. भारानं चाकं चपटी होऊ नयेत म्हणून चार लोखंडी घोड्यांवर उचललेला देह. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून इंजिनाच्या सांदीसांदीत तंबाखूच्या पुरचुंड्या. त्या पुरचुंड्या रंगनाथच्या बायकोच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या. द्वारकेला त्या बंगल्यात एवढाच काय तो प्रवेश होता.

त्यानं पांघरूण काढलं. पुरचुंड्या एकेक करून बाहेर घेतल्या, मोजून अकरा. बॅटरी जोडली. काळं, शिळं, काकवीसारखं तेल खाली सोडलं आणि नवं, मधाच्या रंगाचं ओतलं. चाकांत हवा भरली, घोड्या काढल्या, देह जमिनीवर उतरवला. हातांना सगळं पाठ होतं. हात थकले होते, पण हातांना पाठ होतं.

हातांचं काही नव्हतं. प्रश्न कानांचा होता.

कारण या घरात एक रीत होती. दर फाल्गुनात साहेब मुंबईहून यायचे, गाडीखान्याच्या उंबऱ्यावर उभे राहायचे आणि विचारायचे, "गाते का, मिस्त्री?" रंगनाथ म्हणायचा, "गाते आहे, साहेब." मग किल्ली या हातातून त्या हातात जायची. त्या शब्दांशिवाय साहेबांनी किल्ली कधी घेतली नव्हती. ते शब्द घेऊन ते थेट पसरणीच्या घाटात उतरायचे. वळणामागून वळण, एका बाजूला कडा, एका बाजूला आकाश.

आणि रंगनाथचे कान म्हणजे काय होते! स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटायचा. कुठली झडप सैल, कुठलं बेअरिंग कोरडं, कुठल्या चाकात खडा, सगळं त्याला घरच्या माणसाच्या खोकल्यासारखं ओळखू यायचं. वाईपासून महाबळेश्वरपर्यंत त्या कानांचं नाव होतं.

ते कान गेले. एकदम गेले नाहीत. भाडेकरू जातात तसे, एकेक सामान हलवत गेले. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी. मग दाराची कडी. दिवाळीपर्यंत बारीक, धारदार, वरच्या पट्टीतलं सगळं गेलं. उरला फक्त जगाचा जाड, खालचा गडगडाट. त्यानं कुणाला सांगितलं नाही. बहिऱ्या मिस्त्रीला कोण विचारतो?

आता त्यानं किल्ली फिरवली. गाडी जागी झाली. छातीच्या पिंजऱ्यात तिची डरकाळी शिरली, दातांत थरथरली. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. गडगडाट. नुसता गडगडाट. त्याच्या आत कुठं सूर होता की कण्हणं होतं, कळेना. दुसऱ्या कानाला लावला. कळेना.

साहेब दुपारी येणार होते. सोबत अकरा वर्षांची नात येणार होती. यंदा तिला घाट दाखवायचा होता. आणि रंगनाथनं नुसतं "गाते आहे" म्हटलं असतं, तर साहेबांनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. दोन शब्द. ते उच्चारायला कान लागत नाहीत.

तेवढ्यात द्वारका भाकरी घेऊन आली.

"बस आत," तो म्हणाला.

"कशात?"

"गाडीत."

"डोकं फिरलं का तुमचं? पदराला पिठलं लागलंय माझ्या."

"लागू दे. बस, आणि जे ऐकू येईल ते सांग. बारीकसारीक सगळं सांग."

द्वारका बसली नाही. भाकरीचं फडकं हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या त्या चढ्या, खरखरीत आवाजात म्हणाली, "शेवटी तोंड उघडलंत तर. दिवाळीपासून घसा फोडून बोलतेय मी. तुम्हाला वाटलं, भांडते."

"भांडत नव्हतीस?"

"तेही करत होते. दोन्ही एकाच घशात उरकलं."

एकतीस वर्षं जिच्या लुगड्याच्या चिंध्यांनी त्या गाडीची राखण केली, ती बाई त्या दिवशी पहिल्यांदा त्या गाडीत बसली. लोण्यासारखं कातडं. तिनं पदर सावरला, पाठ टेकली नाही. अशा आसनांवर पाठ टेकायला आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

गाडी घाटाकडे निघाली. सकाळचं पिवळं, पातळ, आजाऱ्यासारखं ऊन कड्यावर रेलून बसलं होतं. द्वारकेनं डोळे मिटले आणि ऐकलं. ऐकणं हेच तर तिचं आयुष्य होतं: दूध उतू जाण्याआधीचा फेस, तापातल्या लेकराचा श्वास, दारात थबकलेल्या नवऱ्याच्या चपला. त्या कानांचं नाव कुठंच नव्हतं. बाईच्या कानांचं नाव होत नाही.

पहिलं वळण. दुसरं वळण. तिसऱ्यावर रंगनाथनं ब्रेक दाबला.

"थांबा!" ती ओरडली. "माझ्या पायाखाली, पुढं. कुणीतरी पत्र्यावर सुरी घासतंय."

"सारखी?"

"नाही. तुम्ही पाय दाबलात की."

त्यानं पुन्हा दाबला. त्याच्यासाठी दरी निःशब्द होती.

"किंचाळतंय हो," ती म्हणाली. "कानात भोक पडेल असं किंचाळतंय."

पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं, तो गाडी परत घेऊन आला. डावं पुढचं चाक खोललं. ब्रेकचं बाहेरचं पॅड जाडजूड होतं. टॉर्च मारून सकाळी त्यानं तेवढंच पाहिलं होतं. आतलं पॅड संपलं होतं. उघडं लोखंड डिस्कवर घासून तिथं चंद्रकोरीसारखी चकचकीत जखम झाली होती.

एका दिवसात पॅड झिजत नाही. कार्तिकातही ती अशीच ओरडली असणार. तो तिला गाडीखान्यात आणत असताना, घोड्यांवर चढवत असताना, दर ब्रेकला ओरडली असणार.

"ती किंचाळत होती," तो म्हणाला, "आणि मी तिला पांघरूण घातलं."

द्वारकेनं भाकरीचा तुकडा मोडून पिठल्याला लावला आणि त्याच्या तोंडात दिला, कारण त्याचे हात काळे होते.

जपून ठेवलेली नवी पॅड त्यानं बसवली, डिस्क घासून साफ केली. ऊन डोक्यावर आलं. पाठीचा मणकान् मणका बोलू लागला. तो मात्र त्याला ऐकू येत होता. पुन्हा दोघं घाटात गेली. पुन्हा पहिलं वळण, दुसरं, तिसरं. ब्रेक.

"आता?"

"आता काही नाही."

"नीट ऐक."

"वारा आहे. आणि कुठंतरी तांबट बोलतोय, टुक टुक."

तांबट. यंदा तांबट आले होते तर.

साहेब आले. पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत, उंबऱ्यावर उभे राहिले. नात पळत जाऊन आसनावर बसली, पाय हलवू लागली. साहेबांचे ओठ हलले. रंगनाथला ते ओठ पाठ होते.

"गाते का, मिस्त्री?"

दोन शब्द जिभेवर आले. एकतीस वर्षांचे, गुळगुळीत, घासून चकाकलेले. आता तर ते खरेही होते. पण ते त्याचे नव्हते. त्यानं गिळले.

"मला आता ऐकू येत नाही, साहेब. हिनं ऐकलंय. हिला विचारा."

साहेबांनी द्वारकेकडे पाहिलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

"गाते आहे, साहेब," ती म्हणाली. "सकाळी किंचाळत होती, डाव्या चाकात. यांनी काढलं ते."

साहेबांनी नातीच्या हलणाऱ्या पायांकडे पाहिलं. किल्ली घेतली. मग बहिऱ्यासमोर माणसं बोलतात तशा हलक्या आवाजात, द्वारकेला म्हणाले, "पुढल्या वर्षी पुण्याहून माणूस बोलावू. मिस्त्रींना आता विश्रांती द्या."

विश्रांती! काय सुगंधी शब्द आहे. उपाशी ठेवायचं माणसाला, आणि वर अत्तर लावायचं. खोटं बोलला असता तर पुढल्या फाल्गुनातही त्याची भाकरी पक्की होती.

"काय म्हणाले?" रंगनाथनं विचारलं.

द्वारकेनं लपवलं नाही. सगळ्या टेकडीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं, "सुटलात, म्हणाले!"

साहेबांची मान खाली गेली. रंगनाथनं हळूच मान डोलावली, आणि एका रिकाम्या लोखंडी घोडीवर, जिच्यावर चार महिने गाडीचा भार होता, तो आपला भार टाकून बसला.

गाडी निघाली. तांबडा ठिपका सिल्व्हर ओकच्या रांगेतून गेला, कड्याच्या कडेला थबकला, वळला, घाटात उतरला. रंगनाथला काही ऐकू आलं नाही. त्यानं रस्त्याकडे पाहिलंच नाही. तो द्वारकेच्या चेहऱ्याकडे पाहत होता. पहिलं वळण, तिची भुवई ताणलेली. दुसरं वळण, तिचा श्वास अडलेला. तिसरं वळण, आणि भुवई सैल झाली, ओठ सैल झाले, कपाळावरची आठी विरली.

त्या सुरकुतलेल्या, उन्हानं रापलेल्या, पिठलं लागलेला पदर ओढून घेतलेल्या चेहऱ्यावरून गाडीचा आवाज उतरत गेला, दूर दूर गेला, बारीक बारीक झाला, आणि मावळला. रंगनाथनं तो मावळताना पाहिला.